‘पॉलिश’ : एक शब्द आणि परस्परविरुद्ध क्रिया
(दुचाकीच्या रंगलेपावरील व समोरच्या काचेवरील सूक्ष्म ओरखड्यांच्या निमित्ताने)

गोंदिया जिल्ह्याच्या सडक-अर्जुनी तालुक्यातील कोहमारा हे गाव राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर वसलेले आहे. २०१० मधील पुनर्क्रमांकनापूर्वी हाच मार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. गोंदियाहून गोरेगावमार्गे येणारा रस्ता येथे महामार्गास मिळतो आणि पुढे नवेगावबांधकडे जातो. अशा तिठ्याच्या व चौरस्त्याच्या गावांतून दुचाकी हे शेतकऱ्याचे, शिक्षकाचे, व्यापाऱ्याचे आणि विद्यार्थ्याचे नित्याचे वाहन असते. ती नवी असते तोवर तिच्या टाकीत आकाश दिसते. दोनतीन वर्षांनी त्याच टाकीवर, ऊन तिरपे पडले असता, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक रेघांचे वलय दिसू लागते. या रेघा घालविण्यासाठी मालक जे जे उपाय करतो त्या सर्वांना तो एकच नाव देतो : ‘पॉलिश’.

हा एकच शब्द ज्या क्रियांना लावला जातो त्या एकमेकींहून भिन्न, किंबहुना काही बाबतींत परस्परविरुद्ध आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. शब्दांच्या या घोटाळ्याचे परिणाम केवळ कोशापुरते राहत नाहीत. नाव एक असल्यामुळे क्रियाही एकच मानली जाते, आणि त्या समजुतीपायी एकदा गेला की परत न येणारा असा एक पातळ थर घासून नष्ट होतो. म्हणून येथे शब्द आणि वस्तू यांचा विचार बरोबरीने केला आहे.

१. ‘पॉलिश’ या शब्दाची व्याप्ती

‘पॉलिश’ हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला. इंग्रजीने तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून घेतला होता. मराठीत आज त्याचे निदान चार प्रयोग सर्रास आढळतात. जोड्यांना पॉलिश करणे म्हणजे चामड्यावर मेणयुक्त लेप चोळणे. यात पृष्ठभागावर काहीतरी वाढते. लाकडी सामानाला पॉलिश करणे म्हणजे स्पिरिटात विरघळविलेल्या चपड्या लाखेचे हात देणे. यातही भरच पडते. फरशीला पॉलिश करणे म्हणजे दगड घासून त्याचा वरचा खडबडीत अंश काढून टाकणे. येथे पृष्ठभाग कमी होतो. चौथा प्रयोग गोंदिया परिसरास विशेष परिचयाचा आहे. भातगिरणीत तांदळाला पॉलिश करतात, म्हणजे दाण्यावरील कोंड्याचा थर काढतात. या क्रियेत दाणा शुभ्र व तुळतुळीत होतो, पण त्याबरोबर ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा मोठा भागही निघून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जावामध्ये आयकमन याने बेरीबेरी या रोगाचा आणि अशा सडलेल्या तांदळाचा संबंध दाखवून दिला, तो याच कारणाने.

म्हणजे जोडे व लाकूड यांच्या बाबतीत ‘पॉलिश’ ही देण्याची क्रिया आहे, तर फरशी व तांदूळ यांच्या बाबतीत ती घेण्याची क्रिया आहे. यात आणखी एक भर अशी की, सुतार व रंगारी ज्या खरखरीत कागदाने पृष्ठभाग घासतात त्यालाही ‘पॉलिश पेपर’ म्हणतात. दुचाकीचा मालक ‘पॉलिश करून द्या’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा जोड्याचे उदाहरण असते : काहीतरी चोळले जाईल आणि चकाकी येईल. प्रत्यक्षात पुष्कळदा घडते ते तांदळाचे.

जुन्या मराठीत या भिन्न क्रियांसाठी भिन्न शब्द होते आणि आहेत. ‘घासणे’ म्हणजे कठीण कणांनी पृष्ठभागाचा अंश काढणे. ‘घोटणे’ म्हणजे गुळगुळीत दगडाने वा शिंपल्याने दाब देऊन, काही न काढता, पृष्ठभाग सपाट करणे. पोथ्यांचा कागद असाच घोटीत. ‘माखणे’ म्हणजे लेप देणे. ‘उजळणे’ हा शब्द क्रियेचा नसून फलाचा आहे : तांब्यापितळेचे भांडे चिंचेने उजळते. भंडारा हे गाव पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असल्याने या भागात तो व्यवहार जुनाच आहे. तेथे चिंचेतील आम्ल धातूवरील काळपट ऑक्साइड विरघळविते. म्हणजे ती मुख्यतः रासायनिक क्रिया होय. ‘झिलई’ हा अरबी ‘जिला’वरून आलेला शब्दही फलाचाच. हत्यारांना झिलई व धार देणाऱ्यास ‘शिकलगार’ म्हणत, त्यातही मूळ ‘सैकल’ म्हणजे चकाकी आणणे हा अरबी शब्द आहे. ‘कल्हई’ मात्र झिलई नव्हे. तो कथलाचा मुलामा होय, आणि त्या शब्दाचे मूळही कथिलवाचक अरबी शब्दात आहे. एकट्या ‘पॉलिश’ने या साऱ्या शब्दांची जागा व्यापली आणि त्यांच्यातील भेद पुसला.

२. रंगलेपाची रचना

तांब्याचा तांब्या शंभर वर्षे घासला तरी आत तांबेच असते. दुचाकीच्या टाकीची गोष्ट तशी नाही. आधुनिक दुचाकीवरील रंग हा एक थर नसून थरांची उतरंड असते. धातूवर प्रथम गंजरोधक अस्तर, त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला रंगारी ‘लॅकर’ किंवा ‘क्लिअर’ म्हणतात, अशी ही रचना असते. सर्व थरांची एकूण जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मनुष्याच्या केसाची जाडी साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन धरली, तर या पारदर्शक थराची जाडी, जी बहुधा ३० ते ५० मायक्रॉन असते, एका बारीक केसाएवढीही भरत नाही. प्लॅस्टिकच्या भागांवर धातूसाठी लागणारे अस्तर नसल्याने तेथील एकूण लेप आणखी पातळ असतो.

‘लॅकर’ या शब्दाबद्दल एक गोष्ट लक्षणीय आहे. संस्कृत ‘लाक्षा’ व देशी ‘लाख’ यांपासून पोर्तुगीज ‘लाका’ आणि त्यातून युरोपीय भाषांतील ‘लॅकर’ असा या शब्दाचा प्रवास झाला. पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर पोसणाऱ्या कीटकाचा हा स्राव पूर्व विदर्भातील वनवासीयांस परिचित आहे. आजच्या दुचाकीवरील पारदर्शक थरात लाखेचा अंशही नसतो; तो बहुधा कृत्रिम राळांचा असतो. ही राळ एकदा पक्व झाली की तिच्या रेणूंचे जाळे बांधले जाते आणि मग ती दाबाने वाहत नाही. म्हणूनच कागदाप्रमाणे हा थर ‘घोटून’ सपाट होईल ही अपेक्षा व्यर्थ ठरते. चपड्या लाखेचा लेप स्पिरिटाने पुन्हा सैल करता येतो. हा थर तसा करता येत नाही.

पारदर्शक थराचे कार्य केवळ चकाकी देणे हे नाही. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषणारी द्रव्ये त्यात मिसळलेली असतात आणि खालच्या रंगाचे रक्षण त्यांच्याकडून होते. हा थर फार पातळ झाला की ते रक्षण कमी पडते. पुढे रंग फिका पडतो आणि अखेर थराचे पापुद्रे सुटू लागतात. त्या अवस्थेत कोणतेही ‘पॉलिश’ उपयोगी पडत नाही. पुन्हा रंग देणे हाच उपाय उरतो.

३. रेघा कशा पडतात

रंगलेपास झालेल्या इजेसाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहेत, आणि ते निदानास उपयोगी आहेत. पत्रा आत दबला तर ‘पोचा’. रंगाचा तुकडा उडाला तर ‘टवका’. खोल लांब खाच पडली तर ‘चरा’. वरवरची इजा झाली तर ‘ओरखडा’. प्रस्तुत विषय आहे तो ओरखड्याचा, आणि त्यातही नखाला न लागणाऱ्या सूक्ष्म ओरखड्यांचा. पोचा व टवका हे घासण्याचे विषयच नव्हेत. टवक्यात द्रव्य नाहीसे झालेले असते, म्हणून तेथे रंग भरावा लागतो.

सूक्ष्म ओरखडे बहुतांशी चालविताना पडत नाहीत. ते पुसताना पडतात. रस्त्यावरील धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे, सूक्ष्म कण असतात. फ्रीड्रिख मोस याने १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्यश्रेणीत क्वार्ट्झचे स्थान सातवे आहे. साध्या काचेचे साडेपाचच्या आसपास येते. आणि रंगलेप त्याहून पुष्कळच मऊ असतो. कोरडे फडके धुळीवरून फिरविले की प्रत्येक कण एकेका लेखणीचे काम करतो. धानाच्या प्रदेशात याला आणखी एक कारण जोडले जाते. धानाच्या तुसात सिलिका विपुल असते आणि तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत तिचे प्रमाण साधारणतः ८५ ते ९५ टक्के असते. राखेने भांडी घासण्याची रीत याच गुणावर उभी आहे. गिरण्या व भट्ट्या यांच्या आसपास ही राख हवेतून वाहनांवर बसते. जो कण पितळेवर उपकारक, तोच रंगलेपावर अपकारक ठरतो.

रॉकेल वा डिझेल लावलेल्या फडक्याने दुचाकी पुसण्याची सवयही सर्वत्र आढळते. तिने तात्काळ चकाकी येते, याचे कारण पुढे येईलच. परंतु तेलकट पृष्ठभाग अधिक धूळ धरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशीचे पुसणे अधिक रेघा पाडते. अशा रीतीने उपायच रोगाचे कारण होऊन बसतो.

४. ‘भोवरा’ : नावाने निर्माण केलेला आकार

या रेघांना इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ भोवरा वा आवर्त असा होतो, आणि पाहणाऱ्यास खरोखरच दिव्याभोवती समकेंद्र वर्तुळे दिसतात. त्यावरून कोणीतरी गोल गोल पुसल्यामुळे गोल रेघा पडल्या, असा तर्क केला जातो. हा तर्क बहुधा चुकीचा असतो. रेघा सर्व दिशांना विखुरलेल्या असतात. परंतु प्रत्येक रेघ प्रकाशाचे परावर्तन मुख्यतः आपल्या लांबीशी काटकोनात करते. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या रेघा स्पर्शरेषेच्या दिशेत असतात त्यांचाच प्रकाश डोळ्यापर्यंत पोहोचतो. बाकीच्या त्याच ठिकाणी असूनही अदृश्य राहतात. दिसणाऱ्या तुकड्यांचे डोळा वर्तुळ करतो.

याची परीक्षा सोपी आहे. हातातील दिवा हलविला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. टाकीवर खरोखर कोरलेले वर्तुळ असे सरकणार नाही. याउलट, वेगाने फिरणाऱ्या यंत्राने अकुशलपणे घासलेल्या पृष्ठभागावर खरेच वक्र पट्टे उमटलेले असतात. ते आपली जागा सोडीत नाहीत. पहिल्या प्रकारात दोष पुसण्याच्या सवयीचा, दुसऱ्यात मागील ‘पॉलिश’चा असतो. म्हणजे नावाने सुचविलेला आकार बाजूला ठेवून दिवा हलवून पाहिले, तर इजेचा इतिहासही कळतो.

५. परीक्षा

घासण्यापूर्वी ओरखडा कोणत्या थरापर्यंत गेला आहे हे ठरविले पाहिजे. त्यासाठी दोन साधे ठोकताळे आहेत. पहिला नखाचा : रेघेवरून नख आडवे फिरविले असता ते अडकले, तर ती रेघ ‘ओरखडा’ नसून ‘चरा’ आहे आणि ती पूर्णपणे घासून काढणे धोक्याचे आहे. दुसरा पाण्याचा : रेघेवर पाणी लावावे. रेघ नाहीशी झाल्यासारखी दिसली, तर ती पारदर्शक थरातच आहे. ओल्या अवस्थेतही ती पांढरी, करडी वा धातूच्या रंगाची दिसत राहिली, तर ती रंगापर्यंत वा अस्तरापर्यंत पोहोचली आहे; तेथे घासण्याचा काही उपयोग नाही.

पाण्याने रेघ का नाहीशी होते, हे समजून घेण्यासारखे आहे. हवेचा वक्रीभवनांक १ धरला तर लॅकरचा सुमारे १.५ असतो. या मोठ्या फरकामुळे रेघेच्या कडांवर प्रकाश विखुरतो. पाण्याचा अंक १.३३ आहे, ते रेघेत भरले की फरक कमी होतो आणि विखुरणेही कमी होते. तेल व मेण यांचे अंक लॅकरला याहूनही जवळचे असतात. डिझेलच्या फडक्याने येणारी चकाकी आणि मेणाच्या लेपाने ‘गेलेले’ ओरखडे यांचे रहस्य हेच. पाणी काही मिनिटांत उडून जाते, मेण काही आठवडे टिकते, एवढाच काय तो भेद. ओरखडा दोन्ही वेळी जागच्या जागीच असतो.

६. घासण्याची क्रिया

मग ओरखडा खरोखर ‘काढणे’ म्हणजे काय? ओरखडा ही वस्तू नव्हे, ती वस्तूचा अभाव आहे. अभाव उचलून काढता येत नाही. करता येते ते एवढेच की, रेघेच्या तळापर्यंत सभोवतालची पातळी खाली आणावयाची. पाच मायक्रॉन खोल रेघ काढावयाची तर तिच्या भोवतालचे पाच मायक्रॉन द्रव्य घालवावे लागते. ‘ओरखडा काढला’ हा वाक्प्रचार जे गेले त्याचा उल्लेख करीत नाही. जे नव्हते त्याचाच करतो.

शिवाय, घासणारे कणही स्वतः रेघा पाडतातच. न्यूटनने १७०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथात याचे मर्म सांगितले आहे : झिलई म्हणजे मोठ्या रेघांच्या जागी इतक्या लहान रेघा आणणे की त्या डोळ्यास दिसू नयेत. विसाव्या शतकात जॉर्ज बेल्बी याने झिलई करताना पृष्ठभागाचे द्रव्य वाहून सपाट होते असे मत मांडले आणि त्यावर बराच ऊहापोह झाला. परंतु पक्व रंगलेपाच्या बाबतीत न्यूटनचे वर्णन व्यवहारास पुरेसे आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. रेघा त्याहून पुष्कळ लहान झाल्या की पृष्ठभाग आरशासारखा भासतो.

घासणारी द्रव्ये कोणती? बाजारातील ‘रबिंग कंपाउंड’ व ‘पॉलिश’ यांत बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सूक्ष्म कण असतात. हा पदार्थ निसर्गात ‘कुरुंद’ म्हणून आढळतो. मोसच्या श्रेणीत त्याचे स्थान नववे, हिऱ्याच्या खालोखाल. त्याचे इंग्रजी नाव तमिळ ‘कुरुंदम्’वरून गेले असून संस्कृतातील ‘कुरुविंद’ हा त्याच कुळातील शब्द होय. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये ज्या भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, त्या भंडारा जिल्ह्यातील पोहरा परिसरात सिलिमनाइटबरोबर हे खनिज आढळते. ‘वॉटर पेपर’ या काळ्या कागदावरील कण सिलिकॉन कार्बाइडचे असतात. १८९१ मध्ये ॲचेसनने तो बनविला तेव्हा त्याला दिलेल्या ‘कार्बोरंडम’ या नावातही कुरुंदच दडलेला आहे.

कागदाचे ‘नंबर’ उलट्या क्रमाने वाचावयाचे असतात : अंक जितका मोठा तितका कण लहान. युरोपीय मानकातील २००० क्रमांकाच्या कागदावरील कणांचा सरासरी आकार सुमारे १० मायक्रॉन असतो. पारदर्शक थराची जाडी ३० ते ५० मायक्रॉन आहे हे आठवले, म्हणजे ‘अगदी बारीक’ म्हणून दिलेला कागदही किती जपून हाताळावयाचा हे ध्यानात येईल. जाडी मोजण्याचे साधन जवळ नसेल, तर कागदाच्या वाटेस न जाणे हेच शहाणपणाचे होय.

प्रत्यक्ष क्रियेचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. वाहन सावलीत व थंड असावे. प्रथम वाहत्या पाण्याने धूळ सैल करून जाऊ द्यावी; मग सौम्य साबणाच्या पाण्याने, वरून खाली, मऊ कापडाने धुवावे. साबणाची बादली वेगळी आणि कापड खळबळण्याची वेगळी ठेवावी, म्हणजे निघालेली धूळ पुन्हा टाकीवर येत नाही. वाळविताना कापड ओढू नये. पाणी टिपून घ्यावे. ‘पुसणे’ आणि ‘टिपणे’ या दोन क्रियापदांतील भेद येथे अक्षरशः पाळावयाचा आहे.

त्यानंतर स्टिकर, रबरी भाग आणि टाकीच्या कडा चिकटपट्टीने झाकाव्यात. कडांवर लेप मुळातच पातळ बसतो आणि घासण्याचा दाब मात्र तेथेच एकवटतो. मग तळहाताएवढ्या, सहज न दिसणाऱ्या जागी सर्वांत सौम्य द्रव्याने प्रयोग करावा : फोमच्या गादीवर चार थेंब, बेताचा दाब, एकमेकांवर अर्धवट येणाऱ्या सरळ फेऱ्या. स्वच्छ मऊ कापडाने द्रव्य काढून दिव्याखाली पाहावे. एवढ्याने काम भागले तर पुढे जाऊ नये. न भागल्यास एक पायरी तीव्र द्रव्य घ्यावे, आणि त्यानंतर पुन्हा सौम्य द्रव्याने शेवट करावा, कारण तीव्र द्रव्य स्वतःच्या रेघा मागे ठेवते. एकाच अक्षाभोवती वेगाने फिरणारे यंत्र एका जागी रेंगाळले तर लेप तापतो व जळतो. ज्यात फिरण्याबरोबर गादी डोलतही राहते ते यंत्र तुलनेने निर्धोक असते. हाताने काम मंद होते, पण टाकीसारख्या वक्र व लहान पृष्ठभागावर मंदपणा हा दोष नव्हे.

शेवटी मेणाचा वा तत्सम लेप द्यावा. येथे ‘माखणे’ योग्य ठिकाणी आले आहे : ओरखडे लपविण्यासाठी नव्हे, तर पुढील धूळ सहज धुतली जावी म्हणून. ज्या दुचाकींवर मुद्दाम चकाकीरहित, म्हणजे ‘मॅट’, लेप दिलेला असतो तेथे मात्र घासण्याची कोणतीही क्रिया करू नये. त्या लेपाचा सूक्ष्म खडबडीतपणा हाच त्याचा रंगधर्म होय. तो घासला की तेवढ्या जागी चकाकणारा डाग पडतो व तो परत जात नाही.

सर्व जपणूक पाळूनही प्रत्येक वेळी थराचा काही अंश जातोच. दर सणाला ‘पॉलिश’ करून घेणारा मालक वाहनाची काळजी घेत असतो असे नाही. तो त्याच्या आयुष्यातील ठेव मोडीत असतो. धुण्याची पद्धत सुधारली तर घासण्याची वेळ अनेक वर्षांत एखाद्याच वेळी येते.

७. ‘काच’ नसलेली काच

दुसरे फसवे नाव ‘काच’ हे होय. दुचाकीच्या हँडलपुढील वाऱ्याची काच, शिरस्त्राणाची काच, अलीकडच्या दिव्यांची काच, यांपैकी एकही सामान्यतः काच नसते. त्या ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकांच्या असतात. ॲक्रिलिकचे पारदर्शक पत्रे १९३० नंतरच्या दशकात बाजारात आले; पॉलिकार्बोनेटचा शोध १९५३ मध्ये जर्मनी व अमेरिका येथे स्वतंत्रपणे लागला. दोन्ही काचेहून हलकी व आघात सोसणारी आहेत, पण दोन्ही काचेहून मऊ आहेत. नाव ‘काच’ असल्यामुळे त्यांना काचेचे उपचार केले जातात : वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसणे, अमोनियायुक्त द्रावण फवारणे, डाग काढण्यासाठी पेट्रोल वा थिनर लावणे. अशा द्रवांनी या प्लॅस्टिकांतील अंतर्गत ताण मोकळे होऊन केसांसारख्या भेगांचे जाळे पसरते. ते ओरखड्यांसारखे दिसते, पण असते खोल, आणि कोणत्याही घासण्याने जात नाही.

ॲक्रिलिकवर लेप नसेल तर ते सर्व जाडीभर एकच द्रव्य असते. म्हणजे ते पितळेच्या जातीचे आहे, टाकीच्या जातीचे नव्हे. म्हणून प्लॅस्टिकसाठी बनविलेल्या सौम्य पॉलिशने त्यावरील सूक्ष्म रेघा घालविता येतात. दंतमंजनाच्या पेस्टने काही वेळा काम होते, कारण तीतही सिलिका वा खडूचे कण असतात. पण ते दातांसाठी मोजलेले असतात, दृष्टीच्या मार्गातील पृष्ठभागासाठी नव्हेत. येथे एक मर्यादा पाळावी लागते. एकाच जागी फार घासले तर तेथे उथळ खळगा होतो आणि तो भिंगासारखा वागतो. रेघ जाते व पलीकडचे दृश्य वाकडे दिसू लागते.

पॉलिकार्बोनेटची गोष्ट निराळी. ते मऊ असल्याने त्यावर काही मायक्रॉन जाडीचा कठीण पारदर्शक लेप दिलेला असतो, आणि तोच अतिनील किरणांपासूनही रक्षण करतो. घासले की प्रथम तोच जातो. त्या दिवशी काच स्वच्छ दिसते. परंतु पुढील काही महिन्यांत ती पूर्वीपेक्षा लवकर ओरखडते व पिवळी पडते. दिव्याची काच घासून घेतल्यास त्यावर नवा रक्षक लेप द्यावाच लागतो. शिरस्त्राणाची ओरखडलेली काच मात्र घासू नये; बदलावी. चारचाकीच्या खऱ्या काचेवरील बारीक रेघांसाठी सिरियम ऑक्साइड पाण्यात कालवून वापरतात. ते काचेवर काही अंशी रासायनिक रीतीनेही काम करते. प्लॅस्टिकवर त्याचा तो गुण उपयोगी पडत नाही.

८. उपसंहार

टाकीवरील रेघा ही शोभेची बाब आहे. समोरच्या काचेवरील रेघा तशा नाहीत. कोहमाऱ्याजवळचा महामार्ग नागझिरा आणि नवेगाव या दोन वनक्षेत्रांच्या मधून जातो. पहिले त्याच्या उत्तरेस, दुसरे दक्षिणेस असून २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. रात्री अशा रस्त्यावर समोरून मालमोटारीचा झोत आला की ओरखडलेल्या काचेतील प्रत्येक रेघ त्याचा अंश डोळ्याकडे वळविते. सर्व दृश्यावर एक पांढरट पडदा पसरतो, आणि त्या पडद्याआडचे जनावर, बैलगाडी वा पायी चालणारा मनुष्य दिसत नाही. दिवसा जी काच ‘चालण्यासारखी’ वाटते, ती रात्री चालत नाही. म्हणून काचेची परीक्षा दिवसा न करता अंधारात, समोर दिवा धरून करावी.

यावरून व्यवहारासाठी एक साधी शिस्त सुचविता येते. ‘पॉलिश’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्याच्या जागी जुन्या क्रियापदांपैकी नेमके एक ठेवून पाहावे : धुवावयाचे आहे, टिपावयाचे आहे, माखावयाचे आहे, की घासावयाचे आहे? दुकानदारासही तोच प्रश्न विचारावा. माखणार असेल तर ओरखडे परत दिसू लागतील, हे मालकास आधी कळेल. घासणार असेल तर कशाने, किती आणि कोणत्या थरावर, हे विचारता येईल. परकीय शब्द टाळावा असा याचा अर्थ नाही. ‘पॉलिश’ मराठीत रुळला आहे आणि तो राहील. परंतु ज्या ठिकाणी एका शब्दाखाली देणे आणि घेणे या दोन्ही क्रिया झाकल्या जातात, त्या ठिकाणी भाषेत आधीपासून असलेले भेद जागे ठेवणे हे पाऊण केसाएवढा थर आणि रात्रीची दृष्टी या दोहोंच्या हिताचे आहे.